प्रतिसाद: फ्लोरिडा स्टेटचा २०२४चा मोसम

वर कुणीतरी म्हटलंय की फ्लोरिडा स्टेट या अमेरिकन फुटबॉलच्या कॉलेज संघाचे मुख्य प्रशिक्षक नोर्वेल यांना काढलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. मला हे पटत नाही. २०२३मध्ये याच प्रशिक्षकाने १३-० (तेरा विजय, एकही पराभव नाही) करून एसीसीचं, म्हणजे आमच्या कॉन्फरन्सचं (कॉलेज संघांच्या गटाचं) विजेतेपद आणलं होतं. त्या संघातले दहा जण एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत, निवडले गेले. जॉर्डन ट्रॅव्हिस गेला, व्हर्स गेला, कोलमन गेला. व्हर्स आणि कोलमन दोघेही दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर होऊन आलेले. बाहेरून आणलेल्यांवर एक मोसम गाजवता येतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने माणसं जमवावी लागतात, आणि २०२४मध्ये ती जमली नाहीत.

डब्लिनचा पहिलाच सामना आठवा. शेवटच्या क्षणी जॉर्जिया टेकने ४४ यार्डांवरून फील्ड गोल (खांबांमधून पायाने मारलेला, तीन गुणांचा) मारला आणि आम्ही २४-२१ हरलो. मी टीव्हीसमोर कितीतरी वेळ तसाच बसून होतो. तिथून घसरण सुरू झाली ती थांबलीच नाही. ड्यूककडून इतिहासात पहिल्यांदा हरलो! कॉन्फरन्समध्ये एकच विजय, कॅलिफोर्नियाविरुद्ध १४-९. एकूण २-१०, म्हणजे दोन विजय, दहा पराभव.

नोत्र दामकडून ५२-३ असा मार खाल्ल्यावर आक्रमण आणि बचाव या दोन्ही बाजूंच्या समन्वयकांना (त्या बाजूंची जबाबदारी असलेल्या सहायक प्रशिक्षकांना) नारळ दिला. पण खरं दुखणं आक्रमक फळीत (क्वार्टरबॅकसमोर उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणाऱ्या खेळाडूंत) होतं. क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला उसंतच मिळत नव्हती, धावून यार्ड मिळत नव्हते. एसीसीच्या आठ सामन्यांत एकदाही २५ गुण झाले नाहीत. तिथे आधी बघा.