पावसाळ्याची फट आधीच ठेवा
सुतारकाम शिकायचं तर महागडी हत्यारं घेण्याआधी पटाशीला (लाकूड कोरायच्या छिन्नीला) धार लावायला शिका, असं म्हणतात ते अगदी खरं. मालवणच्या ज्या म्हाताऱ्या सुतारकाकांकडे मी शिकलो, त्यांनी पहिला महिनाभर धार आणि रंधा यापलीकडे काही करूच दिलं नाही.

पण कोकणात शिकायचं तर हवाही ओळखायला हवी. मे महिन्यात मी फणसाच्या फळ्यांचा टेबलाचा खण केला, बोटाने ढकलला तरी सरकायचा. जुलैत असा अडकला की ओढताना मूठच हातात आली! दमट हवेत लाकूड त्याच्यावरच्या रेषांच्या आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून उन्हाळ्यात काम करताना खणाच्या उंचीत थोडी फट सोडा. दाराची रुंद फळीही चौकटीच्या खाचेत सैल ठेवा. चारी बाजूंनी फेव्हिकॉलने जखडलीत तर ती सुकताना तडकते.