आजींना सगळं ठाऊक असतं

शांघायकर: काल कोणीतरी इथे लिहिलं, "चिनी लोक पेशंटला कॅन्सर सांगतच नाहीत, बिचारे अंधारात मरतात." सात वर्षं इथे राहतोय, म्हणून राहवलं नाही. अंधारात कोणी नसतं हो! शेजारच्या आजींना यकृताचा कॅन्सर. मुलांनी सांगितलं, अल्सर. महिन्याभरात आजींनी ट्रंकेतून शौयी, म्हणजे स्वतःच्या अंत्ययात्रेचे कपडे, काढून दोरीवर उन्हात घातले. त्यांना बटणं नसतात, बंद असतात. एकेक बंद ओढून बघत होत्या. मुलगा आला तशा म्हणाल्या, "कसर लागायची, म्हणून." तो म्हणाला, "बरं." आता सांगा, कोण कोणाला फसवत होतं?

खडूस_काकू: कथा छान. पण घरच्यांनी आधी ऐकायचं आणि पेशंटने कपड्यांशी बोलायचं, हा कुठला न्याय?

कलम_बहाद्दर: न्याय कायद्यातच आहे. 2021 च्या चिनी नागरी संहितेत कलम 1219: पेशंटला सांगणं योग्य नसेल तर जवळच्या नातलगांना सांगा. "योग्य" कोण ठरवणार? अर्थात घरचे!

शांघायकर: पुढचंही वाचा की. शेन्झेनमध्ये 1 जानेवारी 2023 पासून, शेवटी कोणते उपचार नकोत हे पेशंट आधीच लिहून ठेवू शकतो. तैवानमध्ये तर 2019 पासून त्याचा वेगळा कायदाच लागू आहे.

नवखा_नाशिककर: एक शंका. तिकडे 4 अशुभ ना? मग हॉस्पिटलात चौथा मजला असतो का?

शांघायकर: बऱ्याच इमारतींत नसतो. चार आणि मृत्यू, दोन्हींचा उच्चार जवळपास सारखा. भिंतीवरचं घड्याळही भेट देऊ नका, "घड्याळ देणं" हे "शेवटचा निरोप देणं"सारखं ऐकू येतं.

बारा_अ: आमच्या टॉवरला 13 वा मजला नाही, 12अ आहे. कुरिअरवाला रोज 12 व्यावर बेल मारतो.

नवखा_नाशिककर: लिफ्टमध्ये 12अ चं बटण असतं?

बारा_अ: असतं, पण स्टिकर निघालाय. सेक्रेटरीला तीनदा सांगितलं.

कलम_बहाद्दर: इथे माणसं मरतायत आणि तुमचं स्टिकर!

बारा_अ: तुमचं कलम वाचून तरी कोण वाचलं?

खडूस_काकू: भांडा सावकाश. शांघायकर, तुमच्या आजींना कळलं होतं, मान्य. आमच्या बाबांनाही कळलं होतं. आम्ही "साधी गाठ" म्हणत राहिलो. एका सकाळी त्यांनी एफडीच्या पावत्या, नॉमिनीवर पेन्सिलने खूण करून, माझ्या डब्याच्या पिशवीत घातल्या. मी त्या ऑफिसात बघितल्या. संध्याकाळी घरी आल्यावर ते म्हणाले, "भाजी खारट झाली होती का गं?" मी म्हटलं, "नाही." एवढंच बोललो आम्ही. तुम्हाला त्यात गोडवा दिसतो, दिसू दे.