‘मिडरेंज’ला मराठीत काय म्हणाल? आणि ‘स्टेबल’चं काय करायचं?

धागाकर्ती

डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायचा खेळ) नव्याने खेळू लागलेल्यांसाठी एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली आहे. विषय एवढाच, की पहिली मिडरेंज डिस्क कशी निवडायची. आठ पानांचं काम, पण पहिल्याच शब्दाशी गाडी अडली आहे.

‘मध्यम पल्ल्याची’ लिहिलं की क्षेपणास्त्राची बातमी वाचल्यासारखं वाटतं. ‘मिडरेंज’ तसंच ठेवलं तर मोबाइल खरेदीतून तो शब्द शिकलेले लोक ‘मध्यम किमतीची’ असा अर्थ घेतात. कच्चा मसुदा वाचून एकाने खरंच विचारलं, “आणि भारीतली कोणती?”

दुसरं, डिस्कला काय म्हणू? थाळी, तबकडी की चकती? तिसरं सगळ्यात अवघड: ओव्हरस्टेबल, स्टेबल, अंडरस्टेबल. मी सध्या अतिस्थिर, स्थिर, अस्थिर असं लिहिलं आहे. पटत नाही, पण दुसरं सुचतही नाही.

प्रतिसाद १

चकती. थाळी म्हटलं की मैदानी स्पर्धांतली थाळीफेक डोळ्यांसमोर येते, आणि तबकडी एक तर ग्रामोफोनची असते नाही तर परग्रहावरून आलेली. मणक्यातली चकती सरकते हे खरं, पण तेवढं चालवून घेऊ.

प्रतिसाद २

‘मिडरेंज’मधल्या ‘रेंज’ला ‘पल्ला’ म्हणणं शब्दशः बरोबर आहे, पण त्यातून वाचकाची चुकीची समजूत होते. ही चकती अमुक मीटर जाते म्हणून तिला मिडरेंज म्हणत नाहीत. प्रकार ठरतो मुख्यतः कडेवरून. पटरची (जवळून टोपलीत टाकायची चकती) कड अरुंद आणि बोथट, ड्रायव्हरची (लांब फेकायची) रुंद आणि धारदार, मिडरेंजची या दोन्हींच्या मधली. चकतीवर चार आकडे लिहिलेले असतात, त्यातला पहिला म्हणजे स्पीड. पटरचा साधारण १ ते ३, मिडरेंजचा ४ किंवा ५, आणि त्यापुढे ड्रायव्हर सुरू होतात. या स्पीडचा अर्थही नवे लोक उलटा लावतात. त्यांना वाटतं चकती तेवढ्या वेगाने जाईल. खरं तर चकतीकडून तिचं ठरलेलं काम करून घ्यायला हाताने तिला किती वेग द्यावा लागेल, ते हा आकडा सांगतो. म्हणजे ती चकतीची आपल्याकडे केलेली मागणी आहे.

म्हणून हात तयार नसलेल्याने १२ स्पीडचा ड्रायव्हर फेकला तर तो जेमतेम उडून बाजूला कोसळतो, आणि त्याच हातातून ५ स्पीडची चकती बऱ्याचदा तितकीच लांब आणि वर सरळ जाते. पल्ला हा परिणाम झाला. नाव परिणामावरून द्यायचं की घडणीवरून, हा प्रश्न आहे.

थोडं विषयांतर: हे कडेचं प्रकरण १९८३चं. डेव्ह ड्युनिपेस यांनी निमुळत्या कडेची चकती आणली. तोवर लोक फ्रिस्बीच्या घडणीच्या बोथट कडेच्या चकत्याच फेकत. सगळ्यांची कड सारखीच असेल तर ‘मधली’ कुठली काढणार?

प्रतिसाद ३

तुम्ही उत्तर देऊनच टाकलंत की. ‘मधली’. आम्ही खेळताना असंच म्हणतो: “इथे ड्रायव्हर नको, मधली काढ.” पुस्तिकेत पहिल्यांदा ‘मिडरेंज, म्हणजे मधली चकती’ लिहा आणि पुढे नुसतं ‘मधली’.

प्रतिसाद ४

ताई, ‘अतिस्थिर’ आजच्या आज खोडा. त्या शब्दाने मला फसवलं आहे. म्हणजे शब्द इंग्रजीतलाच होता, पण मी मनातल्या मनात तोच अनुवाद केला होता. स्टेबल म्हणजे स्थिर, ओव्हरस्टेबल म्हणजे त्याहून स्थिर. नवशिक्याला आणखी काय हवं? अंडरस्टेबल तर सदोष मालासारखं वाटलं. म्हणून निवडून निवडून आकडे ५, २, ०, ३ असलेली चकती घेतली आणि दोन महिने प्रत्येक फेक डावीकडच्या झुडपात. चकतीचा काही दोष नव्हता. ती जे करायला घडवली होती तेच करत होती.

चारपैकी शेवटचे दोन आकडे इथे कामाचे (दुसरा ग्लाइड, म्हणजे चकती किती तरंगते). तिसरा टर्न: वेग असताना चकती किती कलते. शून्य म्हणजे जवळजवळ नाही, उणे ३ म्हणजे भरपूर. चौथा फेड: वेग उतरल्यावर ती उलट बाजूला किती ओढ घेते. उजव्या हाताने बॅकहँड फेकली तर टर्न उजवीकडे आणि फेड डावीकडे. आता तीन मिडरेंज चकत्या बघा:

गेटर: ५, २, ०, ३. वाऱ्यालाही न जुमानता डावीकडे जाणारी.
बझ: ५, ४, −१, १. किंचित उजवीकडे, किंचित डावीकडे, एकूण सरळ.
स्टिंगरे: ४, ५, −३, १. हात हलका असला तरी उजवीकडे कलून लांब तरंगणारी.

पहिली ओव्हरस्टेबल, शेवटची अंडरस्टेबल. नवशिक्याचा हात हळू असतो, त्यामुळे हव्या त्या वेगाला चकती पोचतच नाही. टर्न मिळत नाही, नुसता फेड मिळतो. म्हणून पहिली चकती बझसारखी किंवा तिच्याहून थोडी ‘अस्थिर’ घ्यावी. तुमची सध्याची परिभाषा वाचून मात्र माणूस नेमका उलटा जाणार.

माझी सुचवणी: हट्टी, सरळ, ओढाळ. हट्टी चकतीला कितीही समजवा, ती आपल्याच बाजूला जाते. ओढाळ चकती जरा मोकळीक मिळाली की दावं तोडून दुसरीकडे.

प्रतिसाद ५

(बझमध्ये मुळात तीन झेड आहेत. देवनागरीत ते कसे लिहायचे हा वेगळा धागा होईल.)

प्रतिसाद ६

‘हट्टी’ फार आवडला. ‘ओढाळ’बद्दल मात्र शंका आहे. ओढाळ जनावर म्हणजे दुसऱ्याच्या शेतात तोंड घालणारं. शब्दातच तक्रार आहे. तुम्हीच म्हणता की नवशिक्याने तिकडे झुकणारी घ्यावी, मग दुकानात ‘ओढाळ द्या’ कोण म्हणेल? ‘हलकी’ म्हणावं तर वजनाशी गोंधळ. ‘कलती’ कसा वाटतो?

आणि ‘स्थिर’ अगदीच चूक नाही, एवढं इंग्रजीच्या बाजूने सांगायला हवं. भोवरा आठवा. जोरात फिरतो तोवर ताठ, वेग उतरला की डुलायला लागतो. चकतीचंही तसंच. सुरुवातीच्या वेगात हवा तिला कलवायला बघते, तिथे जी कलत नाही ती ‘स्टेबल’. शेवटी वेग कमी झाला की हवेचा उचलणारा जोर चकतीच्या पुढच्या भागाकडे सरकतो, नाक वर होऊ बघतं, आणि चकती फिरती असल्यामुळे तो जोर नाक उचलण्याऐवजी तिला बाजूला कलंडवतो. फेड म्हणतात तो हाच. शब्द उड्डाणाच्या पहिल्या भागाबद्दल आहे, लोक तो पूर्ण उड्डाणाला लावतात. त्यात काही खेळाडू सरळ जाणारीला स्टेबल म्हणतात आणि काही हट्टीलाच. दोघे एकमेकांना चकत्या सुचवत असतात!

प्रतिसाद ७

‘फेड’ कृपया तसाच ठेवा. कर्जाची करतात ती फेड. उड्डाणभर हवेकडून उसनं घेतलेलं शेवटी चुकतं करायचं. मराठीत इतका चपखल उसना शब्द क्वचित मिळतो.

धागाकर्ती

फेड राहिला! ‘हट्टी’ही घेतला. ‘ओढाळ’ मला मनापासून आवडतो, पण प्रतिसाद ६चं बरोबर आहे. विकत घ्यायच्या वस्तूला तो नको, ‘कलती’ लिहीन. मधली, हट्टी, सरळ, कलती.

आणखी एक अडचण. साध्या प्लास्टिकची चकती झाडांवर आपटून आपटून महिन्याभरात बदलते. विकत घेतली तेव्हा हट्टी असलेली हळूहळू सरळ होते आणि पुढे कलायला लागते. महाग, टिकाऊ प्लास्टिकमध्ये हे फार सावकाश होतं. जुने खेळाडू मुद्दाम एकच मधली तीन वयांची बाळगतात. अशा चकतीला इंग्रजीत ‘बीट इन’ म्हणतात. मी ‘झिजलेली’ लिहिलं आहे.

प्रतिसाद ८

झिजलेली नव्हे, मुरलेली. झिजलेली वस्तू टाकून देतात, मुरलेली जपून ठेवतात.

प्रतिसाद २

मुरलेलीला माझं मत. आकड्यांबद्दल एक ओळ जरूर घाला. पीडीजीए ही डिस्क गोल्फची संघटना चकतीचा आकार आणि वजन तपासून मान्यता देते. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, त्यामुळे २१.७ सेंटिमीटरची मधली १८० ग्रॅमपर्यंत जाते. उड्डाणाचे चार आकडे मात्र बनवणारा स्वतःच ठरवतो. एकाचा फेड २ म्हणजे दुसऱ्याचा १ असू शकतो. आणि मुरलेल्या चकतीवर छापलेले आकडे म्हणजे लहानपणीचा फोटो.

धागाकर्ती

सुधारलेली नोंद देते, बघा:

‘हट्टी: वेगातही न कलणारी आणि वेग उतरताच जोरात डावीकडे ओढ घेणारी चकती. पहिली मधली म्हणून घेऊ नये. समोरून वारा असेल तेव्हा किंवा झाडाला वळसा घालायचा असेल तेव्हा उपयोगी.’

प्रतिसाद ९

मी डावखुरी आहे. माझी हट्टी उजवीकडे जाते.

प्रतिसाद ४

आणि माझीही जाते, फोरहँड फेकली की. ‘डावीकडे’ काढा. ‘टर्नच्या उलट बाजूला’ म्हणा.

धागाकर्ती

काढलं. आता ‘टर्न’ला शब्द सुचवा.