धागा तुटला की माग थांबतो, पण भुर्दंड कोणाला?

वर्धेकाठचा

परवा या चर्चामंचावर एका सदस्याने लिहिले की, साध्या यंत्रमागांवर धागा तुटताच माग आपोआप थांबवणारी जोडणी बसवली तर कापडातील दोष नाहीसे होतील, एक कारागीर दुप्पट-तिप्पट माग सांभाळू शकेल आणि विदर्भातील कुलूप लागलेल्या शेड पुन्हा सुरू होतील. इथवर मी शांतपणे वाचले. शेवटी मात्र त्यांनी ‘ज्यांना ही जोडणी नको, त्यांना मुळात काम करायचे नाही’ असे ठोकून दिले आहे. मी स्वतः मीटरच्या दराने मागावर मजुरी केली आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला शक्य नाही.

यंत्रणेच्या उपयोगाविषयी माझा वाद नाही. ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांच्या, प्रत्येक तारेत पोलादाची एक पातळ पट्टी अडकवलेली असते. तार ताठ असेपर्यंत ती वर राहते, तार तुटली की खालच्या दांडीवर पडते, विजेचा प्रवाह जोडला जातो आणि माग थांबतो. पण ही पट्टी तार सांधत नाही. तुटलेले टोक हुडकणे, त्याला जोडधागा बांधणे, तो वहीच्या (तारा वर-खाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून आणि फणीच्या घरातून ओढून घेणे हे सारे माणसालाच करावे लागते, आणि तेवढा वेळ मीटर पुढे सरकत नाही. बीमवरची, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरच्या तारांची, खळ कच्ची असो, सूत हलके असो किंवा मे महिन्यात शेडमधली हवा कोरडीठाक असो, यातले काहीही कारागिराच्या हातात नाही. तरीही माग उभा राहिला की कापली जाते ती त्याचीच मजुरी.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी 1896 च्या यंत्रमागाला बाणा (आडवा धागा) तुटताच थांबण्याची सोय केली आणि 1924 च्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागात ताण्याची तूटही पकडली. थांबलेला माग म्हणजे ‘आधी कारण शोधा’ अशी सूचना, हा विचार त्यातून पुढे तिथल्या मोटार कारखान्यांपर्यंत गेला. आपल्याकडे त्याच सोयीचा अर्थ ‘आता आणखी माग सांभाळ’ एवढाच घेतला जातो. मुंबईच्या गिरण्यांत 1928 साली दोनऐवजी तीन साचे (माग) एका विणकराकडे देण्यावरून संप पेटला, तेव्हाही भांडण यंत्राशी नव्हते, वाढलेल्या कामाच्या मोबदल्याशी होते.

जुना जॉबर

आपण भुर्दंडाचा हिशेब मांडलात, पण अर्धाच मांडलात. ताण्यावर पट्ट्या नसलेल्या साच्यांवर, त्यांची देखभाल करणारा जॉबर म्हणून, माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून उरलेला अर्धा मी सांगतो.

आमच्या गिरणीत रात्रपाळीला एक उत्तम विणकर होता. तो एका साच्याची कांडी (बाण्याचे सूत भरलेली नळी) बदलत असताना पलीकडच्या साच्यामागे दोन तारा तुटल्या, त्यांची टोके शेजारच्या तारांत गुंतली, त्या तारांनी आणखी तारा ओढल्या, आणि तो वळून पाहीपर्यंत कापडात तळहाताएवढे जाळे झाले होते. घडी खात्यातल्या तपासनिसाने त्यावर खडूने फुली मारली आणि पगारातून कपात झाली. त्याने वरिष्ठांपुढे हात जोडले, मीही त्याच्यासाठी शब्द टाकला, पण उपयोग झाला नाही. माग थांबला तर थोडी मजुरी बुडते, हे मान्य. थांबायला हवा तेव्हा न थांबलेल्या मागावरचे कापड परत आले तर मजुरीही बुडते, सूतही बुडते आणि विणकराचे नावही खराब होते.

बाणा तुटला की माग थांबवणारा काटा तर केनवर्दी आणि बुलो यांनी 1841 साली लँकेशायरमध्ये आणला. इतक्या पिढ्यांनी तो वापरला, त्यावर कोणी गळा काढला नाही. खरी अडचण वेगळीच आहे. हल्लीची मुले कानात गाणी खुपसून माग चालवतात आणि काटा वाकला आहे की सरळ, हे पाहण्याचे कष्टही घेत नाहीत. उद्या धोटा (बाणा घेऊन आरपार जाणारा) ताण्यात अडकल्यावर माग धाडकन थांबवणारी सोयसुद्धा तुम्हाला मजूरविरोधी वाटेल!

सूतगिरणीतला अभियंता

काका, आपल्याविषयी आदर राखून सांगतो की, धोटा अडकल्यावर थांबणे आणि तार तुटल्यावर थांबणे या दोन अगदी निराळ्या व्यवस्था आहेत. पहिली धोटा पेटीत वेळेवर पोहोचला की नाही एवढेच पाहते आणि ताण्याच्या शेकडो तारा एकदम तुटण्यापासून वाचवते. तुटलेल्या एकट्या तारेची तिला गंधवार्ताही नसते. बाजूच्या बाण्याच्या काट्याचेही फार कौतुक नको. तो धोट्याच्या दोन फेकींतून एकदाच धागा तपासतो, शिवाय ब्रेक ढिला असेल तर माग थांबेपर्यंत आणखी फेकी रिकाम्या जातात आणि पुन्हा सुरू करताना कापडात पट्टा उमटतो. म्हणूनच केंद्र सरकारच्या 2017 च्या पॉवरटेक्स या यंत्रमाग अनुदान योजनेत साध्या मागांसाठी ताण्याच्या व बाण्याच्या जोडणीबरोबर चांगल्या ब्रेकचाही समावेश होता.

ही चर्चा सुरू करणाऱ्या वर्धेकाठच्यांच्या बाजूने एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. कापसाची फूस दांडीवर साचली की तार तुटलेली असूनही प्रवाह जोडला जात नाही. तारा ढिल्या असल्या की तूट नसतानाही माग थांबतो. अशा खोट्या थांब्यांना कंटाळून एका शेडमधल्या कारागिरांनी पट्ट्यांखालच्या दांडीवर चक्क पुठ्ठ्याची पट्टी सरकवून ठेवली होती. हजारो रुपयांची जोडणी पाकिटाच्या पुठ्ठ्याने मुकी केली होती. मीटरवर मजुरी आणि खोटे थांबे एकत्र आले की असे होणारच.

मात्र मूळ दुखणे तुटीचे आहे, थांबण्याचे नाही, आणि तूट कापसात जन्मते. विणाईला हवेत 75 ते 80 टक्के आर्द्रता लागते, ती आम्ही यंत्राने निर्माण करू. पण युरियाच्या पोत्याचे प्लास्टिकचे तंतू, सुतळी, केस आणि गुटख्याच्या पुड्या गाठीतून आल्या तर कोणती यंत्रणा पुरी पडणार? त्यात फरतडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या झाडांचा, आखूड, कमजोर कापूस मिसळला की तो धागा मागावर टिकत नाही.

पऱ्हाटीवाला

आला, अखेर शेतकऱ्यावर आला! माग थांबतो कळंबच्या पऱ्हाटीमुळे (कपाशीमुळे), मजुरी बुडते आर्णीच्या पऱ्हाटीमुळे, आणि मालकाची मोटार मात्र स्वतःच्या पुण्याईवर धावते. साहेब, 1877 साली टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती कापूस दारात पिकतो म्हणूनच काढली. तेव्हा चालणारा कापूस आता अचानक पापी कसा झाला?

प्लास्टिकच्या पोत्याविषयी बोलण्याआधी वेचणीच्या दिवसांत एकदा आमच्या शेतात या. वेचणाऱ्या बायांना किलोमागे दर मिळतो, त्यामुळे बोंडाबरोबर पालाही ओटीत येतो. सुती पिशव्या गिरणीने पुरवल्या तर आम्ही प्लास्टिकला हातही लावणार नाही, पण त्या कधी कोणी पुरवल्या? खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, त्यावर कपात आणि 12 च्या पुढे गाडी परत. मागच्या हंगामात आमची गाडी फाटकावर रात्रभर उभी होती आणि शेवटी तोच कापूस गावात येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला पडेल भावात द्यावा लागला. त्याने त्यात काय मिसळले, त्यावर पाणी शिंपडले की नाही, हे आपल्या प्रयोगशाळेने त्याला विचारावे. गाठीवर माझे नाव नसते.

सूतगिरणीतला अभियंता

आपला राग समजतो, पण रागाने धाग्याची ताकद वाढत नाही. गुलाबी बोंडअळीसाठी फरतड घेऊ नका असे नागपूरची कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग घसा फोडून सांगतात, तरी फेब्रुवारीत शेतात हिरवी पऱ्हाटी उभी दिसते. तीही गिरणीमालकाने पेरलेली असते काय?

पऱ्हाटीवाला

नाही, ती माझ्या कर्जाने पेरलेली असते. हरभऱ्याला पाणी असते तर मी डिसेंबरातच पऱ्हाटी उपटली असती. तरीही आपल्या समाधानासाठी लिहून देतो की, फरतडीचा कापूस वेगळा ठेवायला हवा आणि मी तो ठेवत नाही. ठेवला तर त्या चुंगडीला (पोत्याला) वेगळा भाव द्यायला कोण येणार, तेवढे आपण लिहून द्यावे.

उमरेडची विणकर

तुम्ही सर्व दादा मंडळी तूट कोठून येते यावर भांडत आहात, पण तूट होऊ नये म्हणून पूर्वी कोण राबत होते याचा उल्लेख कोणीच केला नाही. आमच्या घरी हातमाग होता. ताण्याची पाजणी, म्हणजे तारांना खळ लावणे, पहाटे, ऊन चढण्याआधी उरकावी लागे. सासूबाई कुंच्याने खळ चढवत आणि एकमेकींना चिकटलेल्या तारा बोटांनी सोडवत पुढे सरकत. ती नीट झाली तर लुगडे पूर्ण होईपर्यंत फार थोड्या तारा जात. तार गेली तर विणणाऱ्याला ती पावडीवर (मागाच्या पायपट्टीवर) पाय ठेवतानाच जाणवे आणि हात आपसूक थांबे. पण पाजणीची आणि कांड्या भरण्याची मजुरी सासूबाईंच्या हाती कधी पडली नाही. पैसे नगावर मिळत आणि नग विणणाऱ्याच्या नावावर असे. तेव्हा थांबण्याचा भुर्दंड कोणाला, हा प्रश्न विजेच्या मागाबरोबर आला असे कोणी समजू नये.

जुना जॉबर

ताईंचे म्हणणे खरे आहे आणि ते मला झोंबले, हेही खरे आहे. अभियंता महोदयांनी मला धोट्याचा धडा शिकवला त्याबद्दलही आभार. चाळीस साच्यांच्या रांगेत कान देऊन उभे राहिलेल्या माणसाला ही शिकवणी आवश्यकच होती. पण मग त्यांनी एवढेही सांगावे की, कताई खात्यातल्या रिंग फ्रेमवर (सूत कातणाऱ्या यंत्रावर) एक धागा तुटला तर सगळे यंत्र का थांबत नाही?

सूतगिरणीतला अभियंता

कारण एका फ्रेमवर सूत कातणाऱ्या शेकडो चात्या असतात आणि एकीसाठी बाकीच्या थांबवणे परवडत नाही. तुटलेल्या टोकाचा कापूस नळीतून ओढला जातो आणि सांधणारी बाई फेरीवर येईपर्यंत ती चाती रिकामी फिरते. याउलट कताईच्या आधीच्या ड्रॉइंग यंत्रावर पेळू (कापसाची सैल दोरी) तुटला की यंत्र लगेच थांबते, कारण तेथे एक पेळू कमी पडला तर पुढचे सगळे सूत बारीक-जाड होते.

वर्धेकाठचा

म्हणजे कोठे थांबायचे आणि कोठे नाही हे नुकसानीच्या हिशेबाने ठरते, हे आपणच सांगितलेत. नुकसान मालाचे असेल तर यंत्र थांबते. वेळ मजुराचा असेल तर तो हिशेबातच धरला जात नाही. वेचणाऱ्या बाईला किलोवर आणि विणकराला मीटरवर मजुरी देऊन दोघांकडूनही सावकाश, निवडक कामाची अपेक्षा करायची, आणि ते झाले नाही की एकाला आळशी आणि दुसरीला निष्काळजी म्हणायचे, ही एकच चाल आहे.

जुन्या जॉबर काकांच्या विणकराची कपात मी नाकारत नाही. ताण्यावर पट्ट्या बसवाव्यात, दांडीवरची फूस रोज झाडावी, पुठ्ठा कोणीही सरकवू नये. माझी अट एकच आहे. नव्या मागांवर ताण्याचे आणि बाण्याचे थांबे वेगवेगळे मोजले जातात, तशी मोजणी जुन्या मागावरही हाताने ठेवता येते. ठरलेल्या प्रमाणाबाहेर ताणा तुटला तर त्या वेळेची मजुरी बीम देणाऱ्याच्या खात्यावर लावावी. ज्या सदस्याच्या लेखामुळे हा धागा सुरू झाला ते अजून येथे फिरकलेले नाहीत, म्हणून त्यांनाही हेच विचारतो की, अनुदानाच्या अर्जाबरोबर मजुरीचा असा करार जोडायला त्यांची तयारी आहे काय?

जुना जॉबर

त्यांचे ते सांगतील. अट वाईट नाही, एवढे म्हणतो. याहून जास्त माझ्याकडून वदवून घेऊ नका. मात्र थांब्यांची वही मालकाच्या टेबलावर नको, मागाच्या खांबाला दोरीने बांधलेली असावी आणि पाळी सुटताना विणकर व जॉबर या दोघांची सही तिच्यावर असावी. टेबलावरच्या वहीत रात्रपाळीचे थांबे सकाळपर्यंत कसे निम्मे होतात, ते मी पाहिले आहे.

पऱ्हाटीवाला

त्या वहीत कापूस कोणाचा होता यासाठीही एक रकाना ठेवा, माझी काही हरकत नाही. पण मग गाठीवर जिनिंगवाल्याच्या नावाखाली माझेही नाव घाला.