इब्न अरबी सर्वधर्मसमभावी होता का?

आडवाट:
इब्न अरबी या स्पेनमध्ये जन्मलेल्या मध्ययुगीन सूफीचं नाव निघालं की हमखास त्याची एकच कविता पुढे येते. माझं हृदय हरणांचं कुरण, ख्रिस्ती साधूंचा मठ, मूर्तींचं देऊळ, काबा, तौरातच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) पाट्या आणि कुराणही. माझा धर्म प्रेमाचा. खाली कुणीतरी 'आपले संतही हेच सांगत होते' असं लिहून मोकळा होतो.

मला हे पटत नाही. ही 'तर्जुमान अल-अश्वाक' या त्याच्या संग्रहातल्या ६१ कवितांपैकी ११वी. हलबच्या (सीरियातल्या अलेप्पोच्या) धर्मशास्त्र्यांनी 'हा नुसता शृंगार आहे' असा आक्षेप घेतला, तेव्हा इब्न अरबीने स्वतःच संग्रहावर भाष्य लिहिलं. प्रेमाच्या धर्माबद्दल तो तिथे म्हणतो की हा मान खास मुसलमानांचा, कारण प्रेमाचं पूर्ण पद इतर पैगंबरांना नाही, मुहंमदांनाच लाभलं. शिवाय १२१२च्या सुमाराचं, अनातोलियाचा (आजच्या तुर्कस्तानातला) सेल्जुक सुलतान कैकाऊस याला लिहिलेलं पत्र आहेच: ख्रिस्ती प्रजेवर जुन्या अटी लाव, नवी चर्च बांधू देऊ नकोस. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

उलटतपासणी:
पत्र खरं आहे, पण काळ बघा की. माणूस मुर्सियात जन्मलेला, सेविल्यात वाढलेला. १२१२लाच लास नावास दे तोलोसाच्या लढाईत ख्रिस्ती राजांनी स्पेनमधल्या अल्मोहाद या मुस्लिम सत्तेचा कणा मोडला आणि १२३६मध्ये, त्याच्या हयातीत, कोर्दोबा ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं. ते राजकीय भीतीतून लिहिलेलं पत्र आहे, तत्त्वज्ञान नव्हे. आणि भाष्य तर आक्षेपांना उत्तर म्हणूनच लिहिलेलं!

त्यापेक्षा त्याचा १२२९चा 'फुसूस' हा ग्रंथ काढा. २७ प्रकरणं, प्रत्येक एकेका पैगंबराच्या नावाचं. हूदच्या प्रकरणात तो बजावतो: एकाच श्रद्धेला बांधून घेऊन बाकीच्या नाकारू नकोस, फार मोठ्या लाभाला मुकशील. यासाठी कुणी त्याच्या मागे लागलं होतं?

आडवाट:
कोर्दोबा पत्रानंतर चोवीस वर्षांनी गेलं, ते कारण कसं होईल? आणि तेच पत्र त्याने 'फुतूहात' या आपल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या, ५६०व्या प्रकरणात घातलंय. ग्रंथाची दुसरी आवृत्ती १२३८मध्ये पुरी झाली. नको असतं तर गाळता आलं असतं.

नवशिका:
पण हे सगळं शेवटी अद्वैतच ना?

आडवाट:
नाही. त्याच्या लेखी जग मिथ्या नाही, ते ईश्वराचं प्रकटन आहे आणि क्षणोक्षणी नव्याने होतं. उपनिषदांशी सांगड घालायचा मोठा प्रयत्न केला तो दारा शुकोहने, १६५५च्या 'मज्मा-उल-बहरैन'मध्ये. आणि सगळे सूफी त्याच्या बाजूचे होते असंही नाही, गुलबर्ग्याचे बंदेनवाज गेसूदराज (मृ. १४२२) त्याचे कडक टीकाकार.

पायविहीर:
तुम्ही दोघंही त्याची साधना सोडून बोलताय. 'फुतूहात'ची ६८ ते ७२ ही लांबलचक प्रकरणं शुद्धी, नमाज, जकात, रोजा आणि हज यांवर आहेत. शरीयत सोडून मारिफत (ईश्वराचं अंतर्ज्ञान) असा मार्ग त्याच्याकडे नाहीच.

'हिल्यत अल-अब्दाल' ही छोटी पुस्तिका त्याने १२०३मध्ये ताइफला लिहिली. तिच्यात चार खांब: मौन, एकांत, भूक, जागरण. मौनाचे प्रकार बघा. जीभ गप्प पण मन बडबडतं, तर फक्त ओझं हलकं होतं. मन गप्प आणि जीभ चालू, तर बोलणं शहाणपणाचं होतं. दोन्ही गप्प, तर आतलं गुपित उघडतं. दोन्ही चालू असतील तर माणूस सैतानाच्या ताब्यात. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच अडकतात, कारण तोंड बंद ठेवणं सोपं असतं.

मूळ प्रश्नावर त्याचंच उत्तर आहे, 'फुतूहात'च्या ३३९व्या प्रकरणात. सगळे प्रकट धर्म प्रकाश आहेत; मुहंमदांचा सूर्य, बाकीचे तारे. सूर्य उगवला की तारे दिसत नाहीत, पण विझतही नाहीत.

उलटतपासणी:
विझत नाहीत, हेच तर मी म्हणतोय!

आडवाट:
आणि दिसत नाहीत, हे मी. सूर्य एकच ठेवून समभाव म्हणायचं असेल तर म्हणा, मी त्याला उदार श्रेष्ठत्व म्हणेन.