सल्ला हवा: छोट्या भूमिकांचा अभ्यास करायचाय, जेनेट गोल्डस्टीनचे कोणते सिनेमे आधी बघावेत?

पूर्णाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. आमचा इथे हौशी नाटकवाल्यांचा ग्रुप आहे, राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो. ग्रुपमधल्या मुलींच्या वाट्याला बहुतेक वेळा आई, शेजारीण, नर्स असंच काहीतरी येतं. दोन प्रवेश, पाच-सहा वाक्यं. त्यातल्या एकीने परवा सरळ विचारलं, "ताई, एवढ्याशा कामात करायचं तरी काय?" तिला नुसतं समजावण्यापेक्षा दाखवावं असं वाटलं. वाचनालयाची वरची खोली रविवारी मिळतेय, प्रोजेक्टरची सोय झालीये. नायिका नसलेल्या एकाच अभिनेत्रीचं काम ओळीने बघायचं ठरवलंय आणि हॉलिवूडच्या जेनेट गोल्डस्टीनचं नाव डोक्यात आहे. मारधाडीचे आणि विज्ञानपट असल्यामुळे पोरंपोरी कंटाळणार नाहीत. सुरुवात कुठून करू? आणि बघताना नेमकं कशाकडे लक्ष द्यायला सांगू?

गोदातीर (नांदेड)

ताई, निवड एकदम बरोबर आहे. 'एलियन्स' (१९८६) पासूनच सुरू करा. जेम्स कॅमेरॉनचा सिनेमा, नायिका सिगर्नी वीव्हर. तिला त्यासाठी ऑस्करचं नामांकन होतं. पण गोल्डस्टीनने केलेली वास्केझ नावाची सैनिक बघून आलेला माणूस तिला विसरत नाही. सगळे सैनिक अंतराळप्रवासातल्या लांबलचक झोपेतून उठून जांभया देत असतात आणि ही पुल-अप्स काढायला लागलेली असते. एक जण तिला पुरुषी म्हणून डिवचतो, ती एका वाक्यात त्याचं तोंड बंद करते आणि व्यायाम चालूच ठेवते. बाई कोण आहे ते तेवढ्यात कळतं, तिच्या घरादाराबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही.

शेवटही बघायला लावा. ज्या अननुभवी अधिकाऱ्याला ती सिनेमाभर खिजगणतीत धरत नाही, तोच तिच्यासाठी बोगद्यात परत येतो. ती त्याला शिवी हासडते आणि पुढच्याच क्षणी दोघं मिळून ग्रेनेड मुठीत धरतात. राग आणि माया एकाच श्वासात. आमच्याकडच्या तालमीत हे दोन दिवस घोटून पण येत नाही बगा.

लातूरकर_प्रेक्षक

वास्केझच्या भूमिकेसाठी गोल्डस्टीनला सॅटर्न पुरस्कार (विज्ञानपट, भयपट अशा सिनेमांसाठीचा) मिळाला होता, सहाय्यक अभिनेत्रीचा. मुलींना हे जरूर सांगा.

पण माझं मत वेगळं आहे. पहिल्या रविवारी 'टर्मिनेटर २' (१९९१) लावा. तुमच्या मुलीचा जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर तिथे आहे. गोल्डस्टीन त्यात जॉन नावाच्या पोराची पालक-आई आहे. त्या पोराला मारायला रूप बदलणारं एक यंत्र आलेलं असतं आणि वाचवायला दुसरं, श्वार्झनेगरचं. पहिल्या प्रवेशात वैतागलेली, पोराच्या नावाने खडे फोडणारी साधी बाई. नंतर फोन येतो तेव्हा तीच बाई गोड, मऊ आवाजात बोलते आणि त्या गोडव्यामुळेच पोराला शंका येते. तोवर तिला मारून त्या मारेकरी यंत्राने तिचं रूप घेतलेलं असतं. एक हात फोनवर, दुसऱ्या हाताचं पातं होऊन ते नवऱ्याच्या हातातल्या दुधाच्या खोक्यातून आरपार. चेहऱ्यावरची रेघही हलत नाही, आवाजात मात्र माया तशीच. फोनच्या दुसऱ्या टोकाला श्वार्झनेगरचं यंत्र पोराच्या आवाजात बोलत असतं. म्हणजे दोन यंत्रं माणसांचं सोंग घेऊन एकमेकांशी बोलतायत! काही मिनिटांच्या कामात ही बाई दोन वेगळ्या भूमिका करते.

एकच विनंती, हिंदी डब लावू नका. आवाज दुसऱ्या कुणाचा असला तर या प्रवेशातलं तिचं अर्धं काम गेलंच. मूळ इंग्रजी लावा, खाली सबटायटल चालू ठेवा.

सई_धाराशिव

वास्केझबद्दल एक गोष्ट बोलायलाच हवी. ती व्यक्तिरेखा लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) आहे, गोल्डस्टीन मात्र ज्यू कुटुंबातली. तिला गडद मेकअप केला होता, डोळ्यांत काळसर लेन्स घातल्या होत्या. त्यावर टीका झालीये आणि ती रास्तच आहे. आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. आपल्या भागातलं माणूस पडद्यावर दाखवायचं झालं की बऱ्याचदा बाहेरचा नट आणतात, त्याच्या तोंडी दोन-चार 'लई' आणि 'बगा' घालतात आणि हशा वसूल करतात. तिचं काम दाखवाच, मला स्वतःला ते फार आवडतं. पण सिनेमा संपल्यावर या मुद्द्यावर चर्चा घ्या. मुलींना दोन्ही गोष्टी एकत्र पेलता येतात.

पूर्णाकाठ (परभणी)

सई, चर्चा नक्की घेणार. हा मुद्दा आमच्या मुलींना फार जवळचा आहे. 'निअर डार्क' लावावा का? ग्रुपमध्ये अकरावी-बारावीची पोरंही आहेत.

गोदातीर (नांदेड)

त्यांच्यासाठी नको. कॅथरिन बिगेलोचा १९८७ चा सिनेमा, रक्तपिपासूंच्या टोळीचा, रक्तपात बराच आहे. मोठ्यांनी मात्र चुकवू नये. लान्स हेन्रिक्सन, बिल पॅक्स्टन आणि गोल्डस्टीन हे तिघंही 'एलियन्स'मधून थेट इथे आलेले. एकमेकांच्या सवयीचे नट एका टोळीत असले की डोळ्यांच्या इशाऱ्यावर प्रवेश चालतो, ते दिसतं. 'लीथल वेपन २' (१९८९) मध्ये ती पोलीस आहे, थोडाच वेळ. तो राहिला तरी चालेल.

लातूरकर_प्रेक्षक

'टायटॅनिक' (१९९७) मधली आई मात्र सोडू नका. पूर्ण सिनेमा सव्वातीन तासांचा, तेवढा वेळ नसेल तर तिचे प्रवेश काढून दाखवा. तिसऱ्या वर्गातली आयरिश बाई बंद फाटकापाशी लेकरांना सांगते, पहिल्या वर्गाची माणसं होड्यांत बसली की मग आपला नंबर. पुढे जहाज बुडत असताना ती त्यांना झोपवायला गोष्ट सांगत असते. आवाज एकदाही फुटू देत नाही. नाटकात आईचं काम करणाऱ्या प्रत्येकीने हे बघावं, कारण आपल्याकडे अशा जागी हमखास हंबरडा फोडतात. वास्केझ आणि ही आई एकच बाई आहे हे आधी सांगू नका. कोण ओळखतंय ते बघा.

सई_धाराशिव

कुणी तरी विचारेलच, गोल्डस्टीन पुढे काय करते. लॉस एंजेलिसमध्ये तिने स्वतःच्या नावाने अंतर्वस्त्रांचं दुकान काढलं, मोठ्या मापांसाठी. मुलींना बिनधास्त सांगा. नटाचं पोट नुसत्या भूमिकांवर भरेलच असं नाही, हे आपल्याकडच्या कलाकारांना वेगळं सांगायला नको.

पूर्णाकाठ (परभणी)

मनापासून आभार सगळ्यांचे. ठरलं तर मग: आधी 'टर्मिनेटर २', मग 'एलियन्स', मग 'टायटॅनिक'मधले प्रवेश. 'निअर डार्क' फक्त मोठ्यांसाठी, वेगळ्या दिवशी. 'एलियन्स'ची दोन तास सतरा मिनिटांची आवृत्ती घेतेय, लांबवाली नाही, म्हणजे चर्चेला वेळ उरेल. आणि फोनचा प्रवेश आवाज बंद करून एकदा, चालू ठेवून एकदा, असा दोनदा लावणार आहे. परभणी-जिंतूर भागातलं कुणी येणार असेल तर इथेच कळवा, खुर्च्या वाढवून ठेवते.