लहान हनुवटीचे नवजात बाळ: शस्त्रक्रिया लगेच करावी का, रुग्णालय कसे निवडावे? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठची मावशी:
माझ्या धाकट्या बहिणीला नुकताच मुलगा झाला. दिवस पूर्ण भरले होते, वजनही चांगले होते. परंतु त्याचा खालचा जबडा फार लहान व मागे ओढलेला आहे, जीभ घशाकडे पडते आणि टाळूला फट आहे. डॉक्टरांनी ‘पिएर रॉबिन सीक्वेन्स’ असे निदान केले आहे. बाळ जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात अतिदक्षता विभागात असून त्याला पालथे झोपवतात आणि नळीने दूध देतात. एका शल्यचिकित्सकांनी जबडा लांबवण्याची शस्त्रक्रिया लगेच करावी असे सांगितले, तर बालरोगतज्ज्ञ थांबा म्हणतात. शिवाय घरातील वडीलधारी मंडळी बहिणीने ग्रहण पाळले नाही म्हणून तिलाच बोल लावत आहेत. बाळाला मोठ्या शहरात हलवावे का आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त परिचारिका:
ताई, प्रथम ग्रहणाविषयी. गर्भाच्या पहिल्या तिमाहीत खालचा जबडा पुरेसा वाढला नाही की जीभ वर आणि मागे अडकून राहते, तिच्यामुळे टाळूचे दोन्ही पडदे मध्यभागी येऊन जुळू शकत नाहीत आणि फट राहते. एकातून दुसरे घडत गेले म्हणून त्याला सीक्वेन्स म्हणतात. पिएर रॉबिन या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली याचे वर्णन केले. बाळंतिणीचा यात काडीचाही दोष नाही, हे घरच्यांना तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगा; तिचे दूध आणि तिचे मन दोन्ही आता जपायचे आहे.

जबडा किती लहान दिसतो यावर शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. बाळ झोपेत मोकळा श्वास घेते का आणि त्याचे वजन वाढते का, या दोन गोष्टींवर तो घ्यायचा असतो. जागेपणी ऑक्सिजनचा आकडा उत्तम असलेल्या बाळाचाही श्वास झोपेत अडू शकतो, म्हणून रात्रभराची ऑक्सिजनची नोंद मागा, शक्य असल्यास झोपेची तपासणी करून घ्या आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड साठतो आहे का हेही विचारा. बहिणीला एक गोष्ट शिकवून ठेवा. घुरघुर थांबली म्हणजे बाळाला बरे वाटले असे समजू नये; छाती आत ओढली जात असताना नाकातोंडातून आवाजच येत नसेल, तर हवा आत जातच नाही. अशा वेळी परिचारिकेला तत्काळ हाक मारावी.

पालथे किंवा कुशीवर झोपवल्याने जीभ पुढे येते आणि पुष्कळ बाळांचे तेवढ्यावर भागते. न भागल्यास एका नाकपुडीतून मऊ नळी जिभेच्या मागे घशापर्यंत बसवतात. ही नळी नेमक्या लांबीची हवी आणि चिकट स्रावाने बुजू नये म्हणून वारंवार साफ करावी लागते, त्यामुळे जिथल्या परिचारिकांना तिची सवय आहे तेच ठिकाण मी निवडीन. काही बाळांना सीपॅपचा, म्हणजे नाकावाटे हलक्या दाबाने सतत हवा देणाऱ्या यंत्राचा आधार देतात. एवढे करूनही श्वास अडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर जीभ पुढे ओठाशी शिवणे किंवा जबडा लांबवणे यांचा विचार करावा. जबडा लांबवताना दोन्ही बाजूंचे हाड कापून उपकरण बसवतात, ते रोज एक-दोन मिलिमीटर सरकवतात आणि नवे हाड पक्के होईपर्यंत काही आठवडे तसेच ठेवतात. योग्य बाळाला हा उपाय वरदान ठरतो. पण पुढे येणाऱ्या दातांच्या कळ्यांना आणि चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका असतो. शिवाय आधी दुर्बिणीने संपूर्ण श्वासमार्ग पाहिलेला असावा, कारण अडथळा जिभेच्या खालीही असला तर जबडा लांबवून तो सुटत नाही.

खारघरचा बाबा:
आमची मुलगी याच आजाराची असून आता शाळेत जाते. आम्हाला दुधाने सर्वांत जास्त दमवले. टाळूच्या फटीमुळे बाळाला तोंडात ओढ निर्माण करता येत नाही, म्हणून ते कितीही चोखले तरी दूध येत नाही आणि ते थकून झोपी जाते. डॉक्टरांनी तोंडाने पाजण्यास परवानगी दिल्यावर बाळाला कुशीवर किंवा उभट धरून, दाबता येणाऱ्या मऊ बाटलीने हळूहळू पाजावे. बोंडल्याने पाजायचे असेल तर आधी परिचारिकेसमोर शिकून घ्यावे. अर्ध्या तासात पोट भरत नसेल तर उरलेले दूध नळीने देणे इष्ट, नाहीतर पाजण्यातच बाळाची सारी शक्ती खर्च होते.

डोळे आणि कान तपासल्याशिवाय राहू नका. या बाळांपैकी काहींना स्टिकलर सिंड्रोम हा आनुवंशिक विकार असतो. त्यात जास्त नंबरचा चष्मा लागतो आणि दृष्टिपटल सुटण्याचा धोका असतो. टाळूची शस्त्रक्रिया साधारणपणे वर्षाच्या आसपास करतात. स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी संलग्न रुग्णालयांत ती विनामूल्य होते, तसेच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही दुभंगलेल्या टाळूचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयात आत्ताच नाव नोंदवावे.

कृष्णाकाठची मावशी:
दोघांचे मनःपूर्वक आभार. रात्रीची नोंद मागितली असता आमच्याकडे दुर्बिणीची आणि झोपेच्या तपासणीची सोय नाही असे कळले. मुंबईला न्यायचे ठरल्यास कोणती काळजी घ्यावी?

निवृत्त परिचारिका:
मग न्यावे हेच योग्य. परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या, केवळ मुलांवर उपचार करणाऱ्या ठिकाणी आपल्या डॉक्टरांनी आधी स्वतः बोलून खाट निश्चित करावी. नवजात तज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, टाळूचे शल्यचिकित्सक आणि अशा बाळांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ एकाच छताखाली आहेत का, हे त्यांनी विचारून घ्यावे. या बाळांच्या घशात श्वासनलिका घालणे अवघड असते, म्हणून नाकातील नळी प्रवासापूर्वीच बसवून घ्यावी की नाही हे निघण्याआधी ठरवावे. रुग्णवाहिकेत बाळ पालथे किंवा कुशीवर असावे. ऑक्सिमीटर, स्राव ओढण्याचे यंत्र, नवजात बाळाच्या मापाचा लॅरिंजियल मास्क (घशात बसवून श्वासाची वाट मोकळी ठेवणारे साधन) आणि तो वापरू शकणारे डॉक्टर सोबत असल्याशिवाय निघू नये. नुसता ऑक्सिजन लावल्याने बंद झालेली वाट उघडत नाही.

बहिणीने काढलेले दूध बर्फाच्या डब्यात सोबत घ्यावे आणि वजनाचा तक्ता मूळ प्रतीसह न्यावा.